नागपुरात शेजारच्या घरात बाईला मारहाण होते. आपण मध्ये पडावं का? मदत कुठे मिळते?

पडावं. बिनधास्त पडावं.

तुमच्यासारखाच प्रश्न २०१८ साली मानेवाड्यात एका काकूंना पडला असणार. त्या माझ्या धाकट्या बहिणीच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायच्या.

त्या वर्षी मे महिन्यात बहीण रात्री साडेअकराला पोराला घेऊन माहेरी आली. एका पायात चप्पल, पोराच्या अंगात नुसती बनियन. दादाने कूलर तिच्याकडे वळवला, वहिनीने चहा टाकला. सकाळी दादाने जावयाला फोन करून बोलावलं आणि कोपऱ्यावरून तर्री-पोहे आणले. जावई प्लेटमधून मान वर न करता म्हणाला, "चुकलं माझं." दादा बहिणीला म्हणाला, "झालं ना आता? जाय बाई घरी, चार लोकांत तमाशा नको." मी तिथेच बसले होते आणि एक शब्द बोलले नाही. ते अजून सलतं.

ऑगस्टमध्ये तिचं मनगट मोडलं. दवाखान्यात तिने बाथरूममध्ये घसरले असं सांगितलं. काकूंनी मात्र काही न विचारता एवढंच म्हटलं, "कागदपत्रं माझ्याकडे आणून ठेव." आधार कार्ड, पोराचा जन्मदाखला, बँकेचं पासबुक हे सगळं पिशवीत गुंडाळून तीन महिने काकूंच्या गव्हाच्या कोठीत होतं. नोव्हेंबरमध्ये एका रात्री आरडाओरडा झाला आणि काकूंनी १०० ला फोन लावला. आता तो नंबर ११२ आहे. महिलांसाठी १८१ आहे, लहान मुलांचं असेल तर १०९८.

शेजाऱ्याला अधिकार काय, असं लोक विचारतात. अधिकार आहे. २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात कलम ४ वाचा. हिंसा होतेय असं मानायला कारण असलेला कोणीही माणूस संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो, आणि चांगल्या हेतूने कळवलं असेल तर त्याच्यावर दिवाणी किंवा फौजदारी काहीही येत नाही.

हा अधिकारी महिला व बालविकास विभागाकडे असतो. आमच्या वेळी त्यांनीच अहवाल तयार करून मॅजिस्ट्रेटकडे पाठवला. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने दिला, फुकट. बाईला तिथे उत्पन्नाची अट नसते. सखी वन स्टॉप सेंटरमध्ये तात्पुरता निवाराही मिळतो. नागपूर पोलिसांचा भरोसा सेल २०१७ पासून आहे, तिथे समुपदेशक बसतात. पण समुपदेशन म्हणजे तर्री-पोह्यांवरची दिलजमाई नव्हे. "थोडं सांभाळून घे" असं कोणी म्हणालं तर उठून यावं आणि थेट कोर्टात अर्ज करावा. आम्हाला एका ठाण्यात नेमकं हेच ऐकवलं होतं.

दादाचा तेव्हाचा मुख्य मुद्दा, "वेगळी झाली तर राहील कुठे?" याचं उत्तर त्याच कायद्याच्या कलम १७ मध्ये आहे. घर तिच्या नावावर नसलं तरी तिला राहत्या घरातून असं बाहेर काढता येत नाही. बहिणीला राहण्याचा आदेश मिळाला. ६० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो, आम्हाला दहा महिने लागले. पण मिळाला.

दादा आजही म्हणतो की त्या बाईने आमच्या बहिणीचा संसार मोडला. काकू रस्त्यात दिसल्या तर तोंड फिरवतो. दादा, मनगट ऑगस्टमध्ये मोडलं, काकूंचा फोन नोव्हेंबरमध्ये गेला. तारखा बघ.

हो, एक राहिलंच. जिवावर बेतलं असेल तर विचारत बसू नका, फोन लावा. एरवी आधी तिला एकटीला गाठून विचारा, धुणं वाळत घालताना, पाणी भरताना. तिचा फोन नवरा तपासत असेल, म्हणून व्हॉट्सअॅपवर काहीही पाठवू नका. आणि त्याला जाऊन जाब विचारू नका. तुम्ही परत फिरलात की त्याचा राग तिच्यावर निघतो. ती आज नाही म्हणाली तर पिशवी ठेवायला जागा आहे एवढं सांगून या.