उत्तर न देणारा सिनेमा आणि उडालेली झोप

“सिनेमा पाहून महिना होत आला, तरी डोक्यातून जात नाही. रात्री दोनला जाग येते ती येतेच. माझ्या डोक्यात काही बिघाड तर नाही ना?” समुपदेशनाच्या माझ्या कामात हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. मेलबर्नला राहणाऱ्या, माहेर सांगलीकडचं असलेल्या पन्नाशीतल्या एक बाई हाच प्रश्न घेऊन आल्या. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत.

सिनेमा होता पीटर वीअर यांचा १९७५ सालचा ‘पिकनिक ॲट हँगिंग रॉक’. तो खडक मेलबर्नहून गाडीने साधारण तासाभरावर. घरचे सगळे तिथे फिरून आले आणि रात्री लेकीने हौसेने सिनेमा लावला. १९०० सालच्या १४ फेब्रुवारीला मुलींच्या निवासी शाळेची सहल त्या खडकापाशी जाते. भर दुपारी घड्याळं बाराला थांबतात. तीन मुली आणि एक शिक्षिका नाहीशा होतात. एकच मुलगी पुढे सापडते, पण तिला काही आठवत नाही. यात भूत नाही की मारेकरी नाही. आहे ते लख्ख ऊन, पॅनपाईप या बासरीसारख्या वाद्याचे सूर आणि धूसर चित्रं. छायालेखक रसेल बॉइड यांनी त्यासाठी कॅमेऱ्याच्या भिंगावर पाश्चात्त्य नवरी चेहऱ्यावर घेते ते झिरझिरीत कापड लावलं होतं. काय झालं ते शेवटपर्यंत कळत नाही. एका वितरकाने चिडून कॉफीचा कप पडद्यावर फेकला होता, असं वीअर यांनीच सांगितलं आहे. तो संताप मला समजतो. न कळणं माणसाला सोसत नाही.

बाई रात्र-रात्र मोबाईलवर उत्तर शोधत होत्या. ही खरी घटना नाही, जोन लिंडसे यांच्या १९६७ च्या कादंबरीतली गोष्ट आहे, हे कळूनही त्या थांबल्या नाहीत. कादंबरी छापताना गाळलेलं शेवटचं प्रकरण लेखिकेच्या मृत्यूनंतर, १९८७ मध्ये प्रसिद्ध झालं. तेही त्यांनी मिळवून वाचलं. त्यात फेकलेले कपडे हवेतच अडकून राहतात, खडकात एक भोक दिसतं. “उत्तर मिळालं मॅडम, पण झोप नाही आली,” त्या म्हणाल्या.

म्हणून मी विचारलं, “ताई, डोळे मिटले की कोणतं दृश्य समोर येतं?”

मला वाटलं, खडक म्हणतील. त्या म्हणाल्या, “तो घोड्यांची देखभाल करणारा पोरगा. आल्बर्ट.”

खडकाच्या गूढात बऱ्याच प्रेक्षकांच्या नजरेतून हा धागा सुटतो. शाळेतली अनाथ सेरा आणि जवळच्याच बंगल्यावर नोकरीला असलेला आल्बर्ट ही बहीण-भावंडं. अनाथालयात ताटातूट झालेली. दोघं एकाच गावात राहतात, एकमेकांची आठवण काढतात, पण त्यांची गाठ पडत नाही. सेरा मरते. ती स्वप्नात निरोप घेऊन गेली, असं आल्बर्ट सांगतो, आणि ती इथेच होती याचा त्याला पत्ताही नसतो.

मग बाई बोलू लागल्या. त्यांचा थोरला भाऊ तरुणपणी घरातून निघून गेला, तो परतलाच नाही. ना चिठ्ठी, ना निरोप. आई जाईपर्यंत रात्री दाराला आतून कडी लावू देत नसे. आता धाकट्या भावाला जमिनीचा व्यवहार करायचा आहे आणि सातबाऱ्यावर थोरल्याचं नाव आहे. सात वर्षं ज्याची खबर नाही तो हयात नाही असं कायदा धरून चालतो, पण त्यासाठी दिवाणी न्यायालयातून तसं ठरवून आणावं लागतं. त्या अर्जावर बहिणीचीही सही हवी. “सही केली की मीच त्याला मारला असं होईल,” म्हणत त्या किती तरी वेळ रडल्या.

पॉलिन बॉस या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या बायकांबरोबर काम केलं आणि अशा दुःखाला ‘संदिग्ध वियोग’ म्हटलं. माणूस गेला म्हणावं तर पुरावा नाही, आहे म्हणावं तर समोर नाही. सुतक नाही, दहावं-तेरावं नाही, भेटायला कोणी येत नाही. यात रडणाऱ्याच्या मनात बिघाड नसतो, परिस्थितीच तशी असते. बाईंना मी हेच सांगितलं, आणि हेही की ‘तो गेला असेल’ आणि ‘तो असेलही’ ही दोन्ही वाक्यं एकाच मनात राहू शकतात, त्यातलं एक खोडायची सक्ती नाही.

झोपेसाठी मोबाईल रात्री लेकीच्या खोलीत ठेवायचं ठरलं. खरं काम मात्र दिवसाचं होतं. भावाबद्दल बोलायचं, तो कसा गायचा, कशावरून चिडायचा. त्यांच्या घरात इतकी वर्षं त्याचं नावच कोणी घेत नव्हतं. हळूहळू झोप सलग लागू लागली. तसं झालं नसतं, किंवा जगण्यात रस उरला नाही असं त्या म्हणाल्या असत्या, तर मी त्यांना लगेच डॉक्टरांकडे पाठवलं असतं.

अर्जावर त्यांनी सही केली. दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकून घ्यावी, असं नातेवाइकांचं म्हणणं होतं, त्याला मात्र त्यांनी नकार दिला. धाकटा भाऊ फोनवर बराच रागावला, मग म्हणाला, “बरं ताई, कागद कागदाच्या जागी राहू दे.” आता लेक मामाबद्दल विचारते आहे, आणि पुढच्या भेटीत आम्ही त्यावर बोलणार आहोत.