उन्हाळी प्रवासाआधी गाडीची तपासणी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न (कऱ्हाड) : आमची गाडी सात वर्षांची आहे, पण जेमतेम वीस हजार किलोमीटर चालली आहे. मे महिन्यात कुंभार्ली घाटाने चिपळूणमार्गे गणपतीपुळ्याला जायचे आहे. टायरची नक्षी नव्यासारखी आहे; तरीही टायर बदलावेत का?

उत्तर : तुमच्या गाडीच्या बाबतीत टायर किती चालला यापेक्षा तो किती जुना झाला, हे पाहायला हवे. गाडी दारात उभी असली तरी ऊन आणि हवेमुळे रबर कडक होत जाते आणि नक्षी शाबूत असतानाच टायर आतून कमकुवत होऊ लागतो. टायरच्या बाजूवर ‘डॉट’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. तेथे २३१९ असेल, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला आहे. हे आकडे पुष्कळदा टायरच्या एकाच बाजूला, तेही आतल्या अंगाला असतात, त्यामुळे गाडीखाली वाकून पाहावे लागते. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी नसावी, हा नियम तुमचे टायर सहज पाळत असतील. मात्र बॅटरीच्या उजेडात खाचांच्या तळाशी आणि बाजूवर केसासारख्या भेगा दिसल्या, कोठे फुगवटा जाणवला, तर विचार करत बसू नका. माझ्या मते, सात वर्षांच्या टायरवर सगळे कुटुंब आणि सामान घेऊन मे महिन्यात घाट उतरू नये. स्टेपनीही त्याच वयाची आहे, हे ध्यानात ठेवा.

प्रश्न (तासगाव) : उन्हात हवा फुगते, म्हणून लांबच्या प्रवासाला निघताना चार-पाच पॉइंट हवा कमी ठेवावी, असे सगळे सांगतात. हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते आणि त्या दबण्यानेच टायर अधिक तापतो. म्हणजे ज्या भीतीने हवा काढली तेच ओढवते. चालकाच्या दाराच्या चौकटीवर जो तक्ता चिकटवलेला असतो, त्यातील पूर्ण भाराचा आकडा पाळा आणि सकाळी, गाडी थंड असताना हवा भरा.

प्रश्न (मिरज) : पुण्याहून येताना खंबाटकीच्या चढावर तापमानाचा काटा वर जातो. मी कुलंटच्या टाकीत वेळोवेळी बोअरचे पाणी घालतो. एवढे पुरेसे आहे का?

उत्तर : हे आधी थांबवा. बोअरच्या पाण्यातील क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतात, आणि प्रत्येक वेळी पाणी घातल्याने कुलंटमधील गंजरोधक द्रव्यही पातळ होत जाते. कुलंट आणि शुद्ध पाणी यांचे निम्मे-निम्मे मिश्रण सुमारे १०७ अंशांपर्यंत उकळत नाही; झाकणाच्या दाबामुळे ही मर्यादा आणखी वर जाते, म्हणून सैल पडलेले झाकण हीदेखील गाडी तापण्याची एक वाट असते. शिवाय वारंवार पाणी घालावे लागते याचा अर्थ ते कोठून तरी जाते आहे. रबरी पाइपांची टोके, वॉटर पंपाचा खालचा भाग आणि रेडिएटरचे सांधे यांवर वाळलेले रंगीत डाग दिसतात का, ते मेकॅनिककडून पाहून घ्या.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट आवर्जून पाहावी. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून फिरलेल्या गाडीच्या एसीच्या जाळीत आणि तिच्यामागच्या रेडिएटरमध्ये पाचटाचा चुरा, धूळ आणि किडे बसलेले असतात. ते गाडी थंड असताना कमी दाबाच्या पाण्याने धुऊन काढावेत. जोराच्या फवाऱ्याने पातळ पाती वाकतात आणि हवेची वाट बंद होते. नंतर गाडी उभी ठेवून एसी सुरू करा आणि पंखा फिरतो की नाही, ते पाहा.

चढावर काटा वर जाऊ लागला, तर एसी बंद करून हीटर पूर्ण सुरू करावा, कारण त्यामुळे इंजिनाची काही उष्णता आत ओढली जाते. काटा लाल पट्ट्यात गेला किंवा वाफ दिसली, तर गाडी सुरक्षित जागी थांबवून इंजिन बंद करावे. रबरी पाइप हाताला थंड लागेपर्यंत झाकणाला मुळीच हात लावू नये.

प्रश्न (वाई) : पसरणी घाट उतरताना ब्रेकचे पेडल मऊ लागले. गॅरेजमध्ये ब्रेक पॅड चांगले असल्याचे सांगितले. मग दोष कोठे असावा?

उत्तर : ब्रेक ऑइल जुने झाले असण्याची शक्यता मोठी आहे, कारण ते हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो. पाणी मुरल्यावर तो १५५ अंशांच्या आसपास येतो. सतत ब्रेक दाबून उतरल्यास ते चाकाजवळ उकळते, वाफेचे बुडबुडे दबतात आणि पेडल खाली जाते. गाडी कमी चालली असली तरी दर दोन वर्षांनी हे ऑइल बदलावे, आणि ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा. न्यूट्रलमध्ये उतरणे जिवावर बेतू शकते.

प्रश्न (सांगली) : निघण्याच्या आदल्या दिवशी सर्व्हिसिंग केले तर चालेल का?

उत्तर : आठवडाभर आधी करावे, म्हणजे सैल राहिलेला नट किंवा नीट न बसलेला पाइप घराजवळच लक्षात येतो. सर्व्हिसिंगनंतर कऱ्हाडपर्यंत जाऊन या आणि रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवा. सकाळी त्यावर स्वच्छ पाण्याचा डाग असेल, तर तो बहुधा एसीचा असतो. रंगीत, चिकट थेंब कुलंटचे आणि काळपट डाग इंजिन ऑइलचा समजावा. चाकाच्या आतल्या बाजूखाली तेलकट ओल दिसली, तर गाडी जागची न हलवता मेकॅनिकला घरी बोलवा.