मॉडेलमध्ये मातीही येऊ दे

प्रिय विद्यार्थी मित्रा,
अनेक आशीर्वाद.

हवामान बदलाचा जंगलांवर होणारा परिणाम मॉडेलच्या साहाय्याने अभ्यासण्याचा तुझा विचार वाचून आनंद झाला. संगणकाचे काम तू शिकशीलच. मला लिहायचे आहे ते मातीविषयी.

माणूस हवेत सोडत असलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ३० टक्के वनस्पती आणि माती शोषून घेतात. हा वाटा पुढे टिकेल का, यावर शतकअखेरच्या तापमानाचे अंदाज काही अंशी अवलंबून आहेत. हा वायू वाढला की प्रकाशसंश्लेषण वाढते, हे खरेच; परंतु त्यासोबत लागणारे नत्र आणि स्फुरद मातीत आहे की नाही, हा प्रश्न अनेक मॉडेलांनी दीर्घकाळ विचारलाच नव्हता. अमेरिकेत टेनेसीमधील ओक रिज येथे स्वीटगम या पानझडी झाडाच्या लागवडीत १९९८ पासून हा वायू मुद्दाम वाढवून ठेवला गेला. २००१ ते २००३ या काळात तेथील निव्वळ उत्पादकता (झाडांनी घेतलेल्या कार्बनमधून त्यांचे श्वसन वजा जाता उरणारी वाढ) शेजारच्या साध्या हवेतील झाडांपेक्षा सुमारे २४ टक्के अधिक होती. २००८ मध्ये हा फरक ९ टक्क्यांवर आला, कारण नत्र अपुरे पडू लागले होते. सिडनीजवळच्या निलगिरीच्या प्रौढ जंगलात तर स्फुरदाची टंचाई आहे. तेथेही हा वायू मुद्दाम वाढवल्यावर झाडांनी जादा कार्बन घेतला, पण खोडे जाडावली नाहीत. तो बराचसा श्वसनावाटे, विशेषतः मातीतून, हवेत परतला.

म्हणून मॉडेलच्या समीकरणांतला प्रत्येक स्थिरांक कोणत्या जंगलात, कोणत्या मातीवर मोजला गेला, हे शोधल्याशिवाय तो वापरू नकोस. सह्याद्रीतील जांभ्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे स्फुरदाला घट्ट धरून ठेवतात. समशीतोष्ण प्रदेशातल्या लागवडीचे आकडे तेथे जसेच्या तसे बसवणे मला मान्य नाही.

आणखी एक सावधगिरी. जंगलात उभारलेल्या मनोऱ्यावरची उपकरणे जंगल आणि हवा यांच्यातली कार्बनची निव्वळ देवघेव मोजतात. प्रकाशसंश्लेषण आणि श्वसन यांचे वेगळे आकडे त्यातून हिशेबाने काढावे लागतात. मॉडेलने दोन्ही सारखेच फुगवले, तरी निव्वळ आकडा जुळतो आणि चूक लपून राहते. त्यामुळे पानगळ, खोडांची वाढ आणि मातीचे श्वसन यांच्या स्वतंत्र मोजण्यांशी पडताळा घे, आणि त्यांतल्या काही वर्षांच्या मोजण्या मॉडेल जुळवताना अजिबात वापरू नकोस; त्या पडताळ्यासाठीच राखून ठेव.

पुढच्या पत्रासोबत स्थिरांकांचा तक्ता, प्रत्येकाच्या उगमासह, पाठव. आपण तो ओळीने तपासू.

तुझा,
मार्गदर्शक