गाविलगड पडला कसा? फितुरीनं का?

प्रश्न : दादा, आमच्या वावरातून गाविलगडाचा कडा दिसते. एवढा उभा डोंगर, अन् इंग्रजांनी तो नागपूरकर भोसल्यांकडून १८०३ मध्ये चार-दोन दिवसांत घेतला म्हणतात. गावातले बुढे सांगतात कोणीतरी फितूर झालं. खरं काय? (अंजनगावकडचा वाचक)

उत्तर : भाऊ, आपल्याकडं किल्ला पडला की फितुरी झाली असं म्हणायची सवयच हाय, पण इथं त्याची गरजच नाही पडत. तुम्ही गड खालून बघता, पूर्णेच्या मैदानातून, आणि तिकडून तो खरंच बेलाग आहे. दक्षिणेच्या दरवाजाची वाट लांब, खडी, फक्त माणूस चढेल अशी, तोफ चढणं शक्यच नाही. वायव्येकडची वाट रुंदीला कमी आणि बराच वेळ तटाखालून जाते, म्हणजे वरून गोळ्या खात खात चालायचं. पण उत्तरेला लबाडा गावाकडून जमीन गडाच्या बरोबरीची आहे, तिथं कडाच नाही. बांधणाऱ्यांना हे माहीत नव्हतं असं थोडंच, म्हणून तर त्या अंगाला आतला किल्ला, त्याच्यापुढं बाहेरचा किल्ला, आणि त्याच्याही पुढं तिसरी भिंत. भरवसा एवढाच की एलिचपूरहून, म्हणजे आपल्या अचलपूरहून, तिथं पोचायला डोंगरातून तीसेक मैल जावं लागते, तोफा कोण आणणार?

इंग्रजांच्या कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेनं आणल्या. आधी स्वतः रस्ता करायचा, मग अवजड तोफा हातानं ओढायच्या, दऱ्याखोऱ्यातून. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली (हाच पुढं १८१५ ला वॉटर्लूत नेपोलियनला हरवणारा) दक्षिणेकडं तळ देऊन बसला, लक्ष तिकडं गुंतवायला. १२ डिसेंबरला तोफांचे मोर्चे लागले, १५ ला सकाळी हल्ला. बाहेरच्या तटाला भगदाड पडलं होतं, पण आतल्या तटाला काहीच झालं नव्हतं, मधे दरी, दरवाजा बंद. खरी लढाई तिथंच अडली असती. पण कॅप्टन कॅम्पबेलनं ९४ व्या पलटणीची माणसं घेऊन दरीच्या अंगानं एक जागा हेरली, शिड्या लावून तट चढला आणि आतून दरवाजा उघडून दिला. किल्लेदार बेनीसिंग राजपूत लढता लढता पडला, फितूर माणूस असा मरत नाही राजेहो. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला, आणि त्यात गाविलगड नागपूरकर भोसल्यांना परतही मिळाला!

प्रश्न : दरवाजावर दोन तोंडाचं पाखरू कोरलेलं हाय, चोचीत अन् पंजात हत्ती. मुसलमानी किल्ल्यावर हे काऊन? (परतवाडा)

उत्तर : ते गंडभेरुंड. विजयनगरचं चिन्ह. आता वऱ्हाडात ते कसं आलं, तर गोष्ट मोठी मजेदार आहे. हा गड बहमनी सुलतान अहमदशहानं १४२५ च्या सुमारास पक्का बांधला (त्याच्या आधी इथं गवळ्यांची गढी होती असं लोक सांगतात, नावही त्यावरूनच). पुढं वऱ्हाडचा सुभेदार फत्तेउल्ला इमादउल्मुल्क आला, त्यानं १४८८ ला डागडुजी केली आणि १४९० ला स्वतःचीच इमादशाही उभी केली. हा फत्तेउल्ला जन्मानं विजयनगरकडचा कानडी ब्राह्मण, लहानपणी लढाईत पकडला गेला, वऱ्हाडात वाढला, मुसलमान झाला. गादीपर्यंत गेलेला माणूस, पण दारावर जुन्या मुलखाचं पाखरू बसवून गेला. मला तरी तो दरवाजा अख्ख्या गडावरची सगळ्यात बोलकी जागा वाटते, फोटो काढून पळू नका, दहा मिनिटं उभे राहा. आणि कोरीव काम आवडत असेल तर अकोटकडून नरनाळा किल्ल्यावर जा, तिथला महाकाली दरवाजा १४८७ चा, त्याच्याच काळातला, त्यावरची अक्षरं बघत राहावी अशी.

प्रश्न : वर एवढी फौज राहायची तर पाणी कुठून? (दर्यापूर)

उत्तर : तलावांतून. मेळघाटचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे, तो गडावरच अडवून ठेवलेला.

प्रश्न : तट जागोजागी पडला, तो १८०३ च्या तोफांनीच ना? (अचलपूर)

उत्तर : नाही, त्या तोफांनी फक्त उत्तरेकडं भगदाड पाडलं. बाकीचा बराच तट इंग्रजांनी १८५८ मध्ये मुद्दाम पाडला, तात्या टोपे सातपुड्यात फिरत होते आणि ते गडावर येऊन बसले तर पुन्हा तीस मैल तोफा ओढाव्या लागतील ही भीती.