समलिंगी विवाह कायदेशीर झाला की जुन्या वळणाच्या समाजात विरोध भडकतो का?

नाही, तैवानमध्ये तर कायद्यानंतर विरोध ओसरला. परळला राहणाऱ्या तुमच्या आईला ‘उद्या असा कायदा आला तर समाज पेटून उठेल’ असं वाटतं, म्हणून हेच उदाहरण देतोय, कारण आईवडिलांचा शब्द, वंश, पितरांची पूजा यांना तिथेही आपल्याइतकंच वजन आहे. २०१८ च्या सार्वमतात सुमारे ७२ टक्के मतं ‘विवाह स्त्री-पुरुषांतच’ या बाजूने पडली होती. तरी घटनात्मक न्यायालयाच्या २०१७ च्या निकालामुळे मे २०१९ मध्ये कायदा झाला. सरकारी पाहणीत २०१८ ला जेमतेम ३७ टक्के लोक अशा विवाहाच्या बाजूने होते, २०२३ पर्यंत हा आकडा साठच्या वर गेला. मला यामागचं कारण सरळ दिसतं: तोवर लोक एका कल्पनेला घाबरत होते, पण नोंदणी करून बाहेर पडलेली जोडपी ऑफिसातली, शेजारच्या मजल्यावरची निघाली. इतरांच्या संसाराला धक्काही लागला नाही.

फक्त एक, समाजाचा आकडा बदलला म्हणून प्रत्येक घर बदलत नाही. काही आईवडील वर्षानुवर्षं अबोला धरतात, त्याला कायद्याचा इलाज नाही.

आपल्याकडे १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने अशा विवाहाला मान्यता नाकारली, त्यामुळे मुंबईत आज नोंदणी होणार नाही. मात्र बँकेत जॉइंट खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही, असं केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. आईशी बोलताना आधी तेच सांगा.