बेरजेत हरवलेला कण

प्रश्न : दख्खनच्या बेसाल्टच्या एका पातळ छेदाचा (खडक कापून, घासून केलेल्या पातळ चकतीचा) मूलद्रव्य-नकाशा मी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर, क्ष-किरणांच्या साहाय्याने करून घेतला. नकाशा 512 गुणिले 512 पिक्सेलचा आहे. संपूर्ण क्षेत्राच्या वर्णपटात (कोणत्या ऊर्जेचे किती क्ष-किरण आले, याच्या आलेखात) सिलिकॉन, ॲल्युमिनियम, कॅल्शियम, लोह आणि टायटॅनियम यांची शिखरे दिसतात, पण झिर्कोनियमचा मागमूसही नाही. तेव्हा कालमापनाला, म्हणजे खडकाचे वय काढायला, उपयोगी पडणारी झिरकॉन किंवा बॅडेलीआइट ही झिर्कोनियमयुक्त खनिजे या छेदात नाहीत, असे समजावे काय?
— एक संशोधक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : एवढ्यावरून तसे समजू नये. आपल्या नकाशात 2,62,144 पिक्सेल आहेत. बॅडेलीआइटच्या एखाद्या कणाने त्यांतले चारच व्यापले असतील, तर त्याचा वाटा साधारण पासष्ट हजारांत एक इतका भरतो. या पद्धतीची शोधमर्यादा, म्हणजे ओळखू येणारे किमान प्रमाण, सामान्यतः वजनाच्या एक दशांश टक्क्याच्या आसपास असल्यामुळे, सगळ्या पिक्सेलांची बेरीज करताच त्या कणाचे शिखर पार्श्वभूमीत बुडून जाते, मग कण कितीही शुद्ध असो.

प्रयोगशाळेने आपल्याला केवळ ठरावीक मूलद्रव्यांची रंगीत चित्रे दिली असतील, तर प्रत्येक पिक्सेलचा पूर्ण वर्णपट असलेली मूळ फाइल आधी मागून घ्यावी. तिच्यावर वापरण्याजोगी एक युक्ती ब्राइट आणि न्यूबरी या संशोधकांनी 2004 मध्ये मांडली, ती अशी : ऊर्जेच्या प्रत्येक कप्प्यात सर्व पिक्सेलांच्या नोंदींची बेरीज न करता, त्यांतली सर्वांत मोठी नोंद तेवढी घ्यायची. असा ‘कमाल-पिक्सेल वर्णपट’ काढला की एकाच पिक्सेलात दडलेले मूलद्रव्यही डोके वर काढते, आणि ते शिखर कोणत्या पिक्सेलातून आले हे पाहून कणाची जागा सापडते. मात्र हे साधन गोंगाटालाही तितक्याच आदराने वागवते. प्रत्येक पिक्सेलवर थोडाच वेळ दिलेला असेल, तर योगायोगाने वाढलेल्या नोंदीही कमाल ठरतात. म्हणून लगतच्या दोन-तीन पिक्सेलांतही तेच शिखर दिसते का, हे पाहावे. शेजारचे पिक्सेल आधीच एकत्र करून गोंगाट कमी करता येतो, पण तसे करताना अगदी लहान कण पुसट होतात.

दुसरा मार्ग जुना आहे आणि माझ्या मते तोच आधी धरावा. परत विखुरलेल्या इलेक्ट्रॉनांच्या प्रतिमेत सरासरी अणुक्रमांक जास्त असलेले खनिज अधिक उजळ दिसते. इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट ही लोहयुक्त खनिजे करडी दिसतील इतकी उजळता उतरवावी. तरीही जे ठिपके लख्ख राहतील, ते तपासण्याजोगे.

बेसाल्टमध्ये खरी फसगत होते ती ॲपेटाइट या कॅल्शियम-फॉस्फरसयुक्त खनिजामुळे. फॉस्फरसची रेषा (वर्णपटातले शिखर) 2.01 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला येते आणि झिर्कोनियमची 2.04 ला; क्ष-किरण टिपणाऱ्या शोधकाची विभेदनक्षमता सुमारे 0.13 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट असल्याने या दोन रेषा वेगळ्या दिसत नाहीत, आणि यंत्राने आपोआप लावलेल्या नावावर विसंबणे धोक्याचे ठरते. त्याच ठिपक्यात कॅल्शियम भरपूर असेल तर ॲपेटाइटचा संशय धरावा. तरीही शंका उरल्यास इलेक्ट्रॉनांची शलाका 25 किलोव्होल्टपर्यंत नेऊन त्या बिंदूवर पुन्हा वर्णपट घ्यावा आणि झिर्कोनियमची 15.77 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची रेषा शोधावी, कारण त्या ठिकाणी फॉस्फरसची कोणतीच रेषा नसते.