पॅनकेकचा मंगळवार आणि कांदेनवमी

प्रिय मनू,

शाळेत सगळ्यांनी पॅनकेक खाल्ले, मग दुसऱ्या दिवसापासून उपवास कोणीच कसा धरला नाही, असं तू विचारलंस. आणि आपल्यात असं काही असतं का? असतं की, हुबेहूब.

आधी इथलं, इंग्लंडमधलं सांगतो. ईस्टरआधीचे चाळीस दिवस उपवासाचे. जुन्या काळी त्यात मांस, अंडी, दूध, लोणी वर्ज्य असायचं. घरातलं नासून जाऊ नये म्हणून आदल्या मंगळवारी ते संपवायचं, आणि त्याला पॅनकेक सोयीचा. 100 ग्रॅम मैदा, 2 अंडी, 300 मिली दूध, चिमूटभर मीठ. दूध एकदम ओतलंस तर गुठळ्या होतात. आधी अंडी आणि थोडं दूध घालून घोटायचं, मग उरलेलं. पीठ धिरड्यापेक्षा पातळ हवं. पहिला पॅनकेक बहुतेक वेळा चिकटतो, कारण तवा पुरेसा तापलेला नसतो. आपल्या पहिल्या घावनाचंही तेच होतं.

आपल्याकडे आषाढी एकादशीपासून चातुर्मास लागतो. तो पाळणारे चार महिने कांदा, लसूण, वांगी खात नाहीत. म्हणून एकादशीच्या दोन दिवस आधी, आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमी: कांदाभजी, कांद्याचं थालीपीठ, भरली वांगी. आता भजी तळणाऱ्या घरांतली किती घरं पुढे चातुर्मास पाळतात? फार थोडी. (गटारीबद्दल तर बोलायलाच नको. श्रावण न पाळणारेही ती मनोभावे साजरी करतात.) उपवास जातो, आदल्या दिवसाचं खाणं राहतं. तेव्हा इंग्रजांना नावं ठेवण्याचा आपल्याला काही अधिकार नाही.

इथे श्रद्धा कमी झाली हे मात्र खरं. इंग्लंड-वेल्सच्या 2011 च्या जनगणनेत 59.3 टक्के लोकांनी आपला धर्म ख्रिस्ती लिहिला होता, 2021 मध्ये 46.2 टक्क्यांनी. ‘कोणताच धर्म नाही’ म्हणणारे 37.2 टक्के निघाले. सुट्ट्यांवरूनही हे दिसतं. ईस्टरनंतर सात आठवड्यांनी पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाचा रविवार येतो आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, सुट्टी असायची. ती ईस्टरबरोबर पुढेमागे सरकायची, ते गैरसोयीचं वाटलं, म्हणून 1971 च्या कायद्याने ती मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी कायमची बसवली. सण सुटला, सुट्टी उरली. ईस्टरलाही एप्रिलमध्ये बांधून ठेवायचा कायदा 1928 मध्ये झाला होता, पण तो कधी अमलातच आला नाही.

म्हणून ईस्टर अजून तिथीनेच चालतो, आपल्या सणांसारखा. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा रविवार. 2026 मध्ये हनुमान जयंती 2 एप्रिलला, ईस्टर 5 एप्रिलला. 2024 मध्ये मात्र होळीचीच पौर्णिमा धरली गेली आणि ईस्टर 31 मार्चला आला. पौर्णिमा रविवारीच आली तर पुढचा रविवार घ्यायचा. 2025 मध्ये तसं झालं. आणि ही पौर्णिमा आकाशात बघून ठरत नाही, चर्चच्या कोष्टकातून काढतात, त्यामुळे कधी खऱ्या चंद्राशी एखाद्या दिवसाचा फरक पडतो.

हा उपवासकाळ मराठीतूनही पाळला जातो, वसईत, अहिल्यानगरकडे. तिथल्या कॅथलिक घरांत तो राखेच्या बुधवारी सुरू होतो. ईस्टरच्या आधीच्या रविवारी, झावळ्यांच्या रविवारी, चर्चमध्ये आशीर्वाद दिलेल्या झावळ्या लोक घरी नेऊन ठेवतात. पुढच्या वर्षी त्याच जाळून राख करतात आणि बुधवारी ती कपाळाला लागते.

2027 चा ईस्टर 28 मार्चला आहे. त्यावरून पॅनकेकचा मंगळवार तूच काढ. उपवासाच्या चाळीस दिवसांत रविवार धरत नाहीत, ते सहा वेगळे मोजायचे. विसरलास तर मंगळवारऐवजी भलत्याच वारी पोचशील.

तुझा,
बाबा